'आई, मी काय केलं होतं?'

चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं उत्तर कशाचं चाललंय ते वाचणाऱ्यांना कळेल.

लिहिणारी 31 वर्षांची, सासर तासगावकडचं, घरची द्राक्षबाग, माहेर मंगळवेढ्याजवळ. मुलगा साडेपाच वर्षांचा, त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं चांगलं रक्तच बनत नाही असा जन्मजात आजार. आठ महिन्यांचा असताना कळलं, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सासूबाई म्हणतात हे मागच्या जन्मीचं. गेल्या महिन्यात त्या पोरासमोरच शेजारणीला म्हणाल्या, "कुणाचं तरी रगत प्यालेलं असणार मागल्या जल्मी, त्याबिगर असं हुतंय व्हय." रात्री अंथरुणात पोरानं विचारलं, "आई, मी काय केलं होतं?" नवऱ्याला दुसरं मूल हवंय. गुरुजींनी पितृदोष सांगितलाय, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घेऊ, मग पोटातल्या बाळाची टेस्टबिस्ट काही नको, नशिबात असेल ते होईल, असं त्याचं म्हणणं. भाऊ पुण्यात नोकरीला, तो दिवाळीत आला आणि कर्मबिर्म सगळं थोतांड आहे असं सासूबाईंना तोंडावर सुनावून गेला, आणि जाता जाता बहिणीला म्हणाला, लग्नाआधी साधी रक्ताची टेस्ट केली असती तर ही वेळच आली नसती. घरात तेव्हापासून अबोला. आणि ती विचारतीये, हे खरंच माझ्या लेकराचं कर्म आहे का, की माझं, आणि सगळं लिहिलेलंच असेल तर टेस्ट करून काय बदलणार.

अगं, तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नको.

तुझे प्रश्न नंतर घेते, आधी पोराचा. त्याचा प्रश्न तू लिहिलास पण तू त्याला काय सांगितलंस ते लिहिलंच नाहीस. बहुतेक काहीच सांगितलं नसशील, कुशीवर वळून रडली असशील, मी पण तेच केलं असतं. पण या वयाच्या पोराला उत्तर मिळालं नाही की ते स्वतःचं बनवतं, आणि त्यांनी बनवलेलं उत्तर जवळजवळ नेहमी "मीच वाईट" असंच असतं. मी 34 वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेत, खिडकीची काच कुणी फोडली असं जरा आवाज चढवून विचारलं की ज्यांनी हातही लावलेला नसतो अशी दोन पोरं आधी रडायला लागतात. तेव्हा आज रात्रीच सांग. "तू काही म्हणजे काही केलेलं नव्हतंस. रक्त कसं बनवायचं ते सांगणाऱ्या दोन चिठ्ठ्या असतात प्रत्येकाकडे, एक आईकडून येते एक बाबांकडून. माझ्याकडे एक चांगली होती एक बिघडलेली, बाबांकडे पण तसंच, आणि तुझ्याकडे नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. डोळे मिटून उचललेल्या चिठ्ठ्या त्या, कुणी निवडून दिल्या नाहीत." एवढंच. उद्या परत सांग, दवाखान्यात जाताना गाडीवर परत सांग, एकदा सांगून पोरांना पटत नसतं.

ही चिठ्ठ्यांची गोष्ट पोरासाठी सोपी करून सांगितली असली तरी खोटी नाही, तुझ्या डॉक्टरांनी पण वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं असणार. तुम्ही दोघं मायनर, म्हणजे वाहक. वाहकाला काही त्रास नसतो, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी, त्यामुळे आयुष्य निघून जातं तरी पत्ता लागत नाही. भारतात शंभरात साधारण तीन-चार माणसं अशी फिरत असतात. दोघं वाहक एकत्र आले की दर गरोदरपणी चारात एक शक्यता मेजरची, चारात दोन नुसत्या वाहकाची, चारात एक पूर्ण साफ. आणि हे दर खेपेला नव्यानं असतं बरं का. पहिल्याला झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं गणित लोक करतात, माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी पण केलंय, ते साफ चूक.

गंमत बघ, गुरुजी म्हणाले पितृदोष. पूर्वजांकडून आलंय एवढं त्यांचं बरोबर निघालं! पण दोष म्हणावं का? ज्यांच्यात एकच बिघडलेली चिठ्ठी असते ते हिवतापाला, मलेरियाला, सहजासहजी बळी पडत नाहीत, म्हणून तर मलेरियाच्या मुलखांत ही गोष्ट हजारो वर्षं टिकून राहिली. तुमच्या घराण्यातला कुणी खापरपणजोबा त्या एका चिठ्ठीवर तगलाही असेल, कुणी सांगावं. आणि इथे एक सावध करते, तुझ्या मिस्टरांकडे ती चिठ्ठी त्यांच्या आई किंवा वडिलांकडूनच आलेली आहे हे तुला आता कळतंय, आणि पुढच्या भांडणात हे सासूबाईंच्या तोंडावर फेकायचा मोह होणार. फेकू नको. त्यांनी तुझ्यावर जो दगड मारला तोच तू उचलून परत मारल्यासारखं होईल, नाव फक्त वैद्यकीय.

आता कर्म आहे का हा मोठा प्रश्न. मी कुणी शास्त्री नाही, रिटायर्ड मास्तरीण आहे, पण एवढी वर्षं लोकांच्या दुखवट्याला जाऊन जाऊन या शब्दाचा मला जरा अभ्यास झालाय. आपल्या मराठीत या शब्दाचा पार खेळखंडोबा आहे बघ. कर्म कर म्हणतो तेव्हा हातानं काम कर. "कर्म माझं!" म्हणत कपाळावर हात मारतो तेव्हा माझ्या हातात काही नाही. दैव देतं कर्म नेतं म्हणतो तेव्हा दैव बिचारं चांगलं, घाण आपल्या करणीनं केली. एकच शब्द कधी हाताचा कधी कपाळाचा, त्यामुळे घरात भांडण सुरू झालं की सासूबाई कपाळाचं बोलतात, तुझा भाऊ हाताचं बोलतो आणि दोघांना वाटतं आपण एकाच विषयावर बोलतोय.

आणि ज्या शास्त्राच्या नावानं हे चालतं त्यात तरी काय एकच मत आहे होय. साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला सुटलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता हातानं चाललंय ते क्रियमाण, असे तीन भाग पाडलेत. भात्यातला बाण, सुटलेला बाण आणि हातातला बाण असा दाखला देतात. घरातल्या गप्पांत कुणी हातातल्या बाणाचं नाव काढत नाही, सगळे सुटलेल्याच्या मागे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलंय, जागा, करणारा, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली, आणि पाचवं दैव. पाचात एक, तेही शेवटी. माझ्याबरोबर शिकवणारी एक मैत्रीण बौद्ध आहे, तिनं मला सीवकाची गोष्ट सांगितली होती. हा सीवक बुद्धाला विचारतो की काही लोक म्हणतात माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं मागच्या कर्मानंच, तुमचं काय म्हणणं. तर बुद्ध म्हणतो, काही दुखणी पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्ही बिघडून, काही ऋतू बदलल्यानं, काही हेळसांडीनं, काही मार लागून आणि काही कर्मानं. आठ कारणं मोजून दिली, कर्म आठवं, आणि जे सगळंच कर्मावर ढकलतात ते चुकतात असं स्पष्ट सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वी! बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये (ते गेल्यावर 1957 ला छापून आलं) मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत कुणाच्या सोयीचा आहे तेच विचारलंय, गरिबाच्या हालाची जबाबदारी समाजावर आणि सरकारवर येऊ नये म्हणून तो बरा पडतो, असं.

पण तुला खरं सांगायचंय ते तुझ्या माहेरचं. मंगळवेढं म्हणजे चोखोबांचं गाव. तिथेच गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळून 1338 मध्ये ते गेले, हे तुला शाळेत शिकवलंच असेल. त्यांचा एक अभंग आहे, त्यात ते म्हणतात मी आधीच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून मला या जातीत जन्म मिळाला, हा जो विटाळ लोक मानतात तो माझ्याच पूर्वीच्या करणीचं फळ. वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं ते. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही तो माणूस देवळातल्यांना काही म्हणत नाहीये, दोष स्वतःवर घेतोय. आणि त्याच घरात त्यांचा मुलगा, नाव बघ काय, कर्ममेळा. तो काय म्हणतो? तो विठ्ठलालाच धरतो, की आमची जात हीन तू केलीस, जन्म गेला उष्टं खाण्यात, तुला लाज कशी वाटत नाही. बाप म्हणतो माझं कर्म, लेक म्हणतो तुझं. एकाच घरातली ही दोन माणसं, दोघं संत, दोघं वारकऱ्यांना प्रिय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मंगळवेढ्यात हे भांडण झालंय आणि मिटलेलं नाही, तुझ्या घरात मिटेल असं मला वाटत नाही आणि मिटायलाच पाहिजे असंही नाही.

मला त्यातलं खटकतं ते वेगळंच. चोखोबांना हे आपलं आपण सुचलं असेल का? जन्मल्यापासून चार दिशांनी कानावर पडत असणार, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात ते जाऊन बसलं. तुझा पोरगा साडेपाच वर्षांचा आहे आणि एकदा ऐकून विचारायला लागलाय.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते, कधी लिहिली नव्हती. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना विहिरीत गेला, मी अकरा वर्षांची होते. दहाव्याला आमची एक आत्या आईला म्हणाली, "वहिनी, तुमचंच काहीतरी मागचं राहिलं असंल." आई काही बोलली नाही, पण त्यानंतर कितीतरी महिने ती विहिरीकडच्या वाटेनं गेली नाही आणि देवासमोर पण बसली नाही. मग बऱ्याच वर्षांनी, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, आम्ही दोघी ओसरीवर तांदूळ निवडत होतो, आणि सुपातून मान वर न करता आई म्हणाली, "तेवढंच घेऊन आला होता गं तो." बस एवढं बोलली आणि खडा काढून टाकला. आता तू बघ, आत्याचं वाक्य आणि आईचं वाक्य, सिद्धांत म्हणशील तर एकच आहे, प्रारब्धच. पण आईनं ते स्वतःच्या तोंडानं, सगळं होऊन गेल्यावर, स्वतःला उभं करायला वापरलं. आत्यानं दुसऱ्याला पाडायला. म्हणून मी प्रारब्ध खरं का खोटं यावर कुणाशी वाद घालत नाही, कोण बोलतंय, कुणाला, आणि कधी, एवढंच बघते. स्वतःपुरतं आणि घडून गेल्यावर असेल तर मी गप्प ऐकते. दुसऱ्याच्या लेकराबद्दल असेल तर गप्प बसत नाही.

आणि तुझा भाऊ काही वेगळा नाही गं. मुद्द्याला तो बरोबर आहे, टेस्ट केली असती तर कळलं असतं. पण तुला ते आत्ता सांगून काय? सासूबाई तुला मागच्या जन्मात नेतात, हा लग्नाच्या आधी नेतो, दोघं मागेच नेतात, आणि दोन्हीकडे आरोपी तूच. ज्यांना सगळं माणसाच्या हातात आहे असं वाटतं ते पण निष्ठुर होऊ शकतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

यावर वनपर्वात द्रौपदी बोललीये. पांडव वनवासात आहेत, धर्मराज शांतपणे क्षमेचं महत्त्व सांगतायत आणि ही भडकलीये. ती म्हणते नुसतं दैवावर टाकून पडून राहणं हा शुद्ध आळस. पण तिथेच थांबत नाही. म्हणते शेतकरी नांगरट करतो, पेरतो आणि मग गप्प बसतो, कारण पुढचं पावसाकडे. पाऊस नाही आला तर शेतकऱ्याकडे पाप नाही, दुसऱ्या कुणीही जेवढं केलं असतं तेवढं त्यानं केलं, मग त्यानं स्वतःला का दूषण द्यायचं. आणि हे शहाणपण ती कुठे शिकली तर, वडिलांनी भावांना शिकवायला एक विद्वान घरी ठेवला होता, तेव्हा ती वडिलांच्या मांडीवर बसून ऐकायची. भावांसाठी चाललेली शिकवणी. (मला हा तपशील फार आवडतो, वर्गाच्या दाराशी धाकट्याला कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरी आठवतात.) तर तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या गावात, तुझ्या नात्यात कुणी टेस्ट करत होतं का? पत्रिका बघितली, मानपान बघितला, सगळ्यांनी केलं तेवढं तुझ्या आईवडिलांनी केलं. त्याचं पाप तुझ्याकडे नाही.

आता तुझे मिस्टर. त्यांच्याशी वाद घालू नको, जेवताना सहज विचार, की ऑक्टोबर छाटणी झाल्यावर आभाळ आलं तर रात्री अकराला फवारणीचा ब्लोअर का काढता, दावण्या रोग नशिबात असेल तर येईलच की. माझ्या माहेरी दीड एकर बाग आहे, माझा दुसरा भाऊ दिवसातून वीस वेळा मोबाइलवर ढग बघतो, आणि पावसाचं चिन्ह दिसलं की ताटावरून उठतो. बागेच्या बाबतीत एकही द्राक्षवाला नशीब म्हणून बसलेला मी बघितला नाही. पानांचे देठ तोडून पिशवीत भरून लॅबला पाठवतात, देठ परीक्षणाचा रिपोर्ट आल्याशिवाय खताचा डोस ठरवत नाहीत. मग आपल्याच लेकराच्या वेळी रिपोर्ट नको, हे कसं?

आमच्या शेजारच्या गुजराती भाभी चातुर्मासात रोज व्याख्यानाला जातात, त्यांनी एकदा सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची गोष्ट सांगितली होती ती मला तुझं पत्र वाचून आठवली. हा कुंभार गोशालकाचा चेला, आजीविक पंथाचा, त्यांचं म्हणणं सगळं आधीच ठरलेलं, माणसाच्या प्रयत्नानं तसूभर काही बदलत नाही. त्यानं मडकी उन्हात वाळत घातलेली असतात आणि महावीर विचारतात, हे मडकं कसं झालं रे. तो सांगतो, माती आणली, भिजवली, मळली, चाकावर घातली. मग हे प्रयत्नानं झालं की प्रयत्नाशिवाय? तो आपला पंथाला धरून म्हणतो, प्रयत्नाशिवाय, ठरलेलंच होतं. बरं, मग कुणी येऊन ही मडकी फोडली, चोरली, तुझ्या बायकोवर हात टाकला तर काय करशील? तो म्हणतो काय करीन म्हणजे, बडवीन, जीव घेईन. का रे बाबा, सगळं ठरलेलंच आहे ना? तिथे त्याची बोलती बंद. तुझ्या मिस्टरांना ही गोष्ट सांग किंवा नको सांगू, पण बागेचं नक्की विचार.

आणि माझा अंदाज सांगू, त्यांचा नशिबावर एवढा विश्वास बिश्वास काही नाही. घाबरलेत. रिपोर्ट आला की निर्णय घ्यावा लागतो, आणि नशीब म्हटलं की निर्णय दुसऱ्यानं घेतलेला असतो. बायका रडून मोकळ्या होतात, हे लोक नागबळीची तारीख काढतात.

नागबळीला माझा विरोध नाही. तीन दिवसांचा विधी असतो, नवराबायको जाऊन आलात तर तेवढाच मोकळा वेळही मिळेल. फक्त दोन गोष्टी, बागेवरच्या कर्जात आणखी भर घालून करायचा नाही, आणि विधी केला म्हणून टेस्ट रद्द हा सौदा मान्य करायचा नाही. विधी टेस्टच्या आड येत नाही, तुम्हीच आणताय.

टेस्टचा क्रम नीट समजून घे, कारण उशीर इथेच होतो. दिवस राहायच्या आधी तुमच्या दोघांची डीएनए तपासणी करून कुणाकडे नेमका कुठला बिघाड आहे ते शोधून ठेवावं लागतं, त्याचा रिपोर्ट यायला वेळ जातो, म्हणून आधी. मग दिवस राहिले की साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा तुकडा काढून तपासतात, सीव्हीएस म्हणतात त्याला. थोडा धोका असतो गर्भाला, तो किती ते डॉक्टरांना स्पष्ट विचार, लाजू नको. दोन महिने उलटून गेल्यावर दवाखान्यात पहिल्यांदा गेलीस तर ही सगळी धावपळ होते आणि मग सगळे म्हणतात, बघ, नशिबातच नव्हतं.

पत्राच्या अगदी शेवटी तू बारीक अक्षरात लिहिलंयस, टेस्ट करायची म्हणजे ह्याच्यासारखं दुसरं नको असं म्हणणं, मग ह्याला मोठेपणी काय वाटेल. त्या ओळीवर मी दोन दिवस अडकले होते खरं सांगते. छापील उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतंय, की तो स्वतःसुद्धा दर तीन आठवड्यांनी "आज सुई नको" म्हणतो असं तूच लिहिलंयस. त्याला सुई नको असते, स्वतःचं असणं नको नसतं. तुला पण तेवढंच नकोय. रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, मी नाही, सासूबाई नाही, गुरुजी नाही आणि डॉक्टर पण नाही. दुसरं मूल नकोच असंही ठरवू शकता. आणि कुणी सांगेल की दुसरं झालं तर त्याचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, पहिल्याला चालू शकेल, ते खरं आहे, सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक, पण औषध म्हणून मूल आणू नका, मूल हवंय म्हणून आणा.

भावाला एक काम सांग. तुझ्या पोराला वर्षाला सतरा-अठरा पिशव्या लागतात, मोठा होईल तशा वाढतील. पुरुषांना तीन महिन्यांनी परत रक्त देता येतं. थोतांड थोतांड म्हणत बसण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी कुठल्याही रक्तपेढीत जाऊन झोपायचं म्हणावं दहा मिनिटं, त्याचं रक्त ह्यालाच मिळेल असं नाही, कुणाच्या तरी पोराला मिळेल. आणि अपंगत्वाचा दाखला काढला नसशील तर त्या फॉर्मच्या मागे त्यालाच लाव, 2016 च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे, ऑनलाइनचं त्याला जमेल.

सटवाईचं पण लिहिलंयस, पाचवीला कागद-पेन ठेवलं होतं, तिनं असं कसं लिहिलं म्हणून. माझ्या थोरल्या लेकीच्या पाचवीला माझ्या सासूनं कोरा कागद आणि बॉलपेन ठेवलं होतं, सकाळी बघितलं तर पेनातली रिफिल वाळलेली, मारून बघितली तरी उठेना. सासू हबकली. आमचे हे म्हणाले, बरं झालं, काही लिहिताच आलं नसेल. तो कागद अजून माझ्याकडे आहे, पिवळा पडलाय, त्यावर नंतर कुणीतरी दूधवाल्याचा हिशोब लिहिलाय.

राहता राहिल्या सासूबाई. तू त्यांच्याबद्दल दीड पान लिहिलंयस आणि त्यात मध्येच एक वाक्य आहे जे तुझ्या स्वतःच्या लक्षात आलेलं दिसत नाही, की रक्ताच्या दिवशी त्या कडक उपास धरतात, तुम्ही दवाखान्यातून परत येईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. अगं म्हणजे वर्षाला सतरा-अठरा उपास, पाच वर्षं, हिशोब कर. ही बाई नातवाचं देणं फेडतीये तिच्या परीनं. तिला कुठेतरी हिशोब लागायला हवाय, नाहीतर एवढ्याशा पोराला विनाकारण सुया टोचतात हे तिला सोसवत नाही, त्यापेक्षा मागच्या जन्मीचं काहीतरी असणं बरं. तो हिशोब तिच्यापाशी राहू दे. फक्त पोरासमोर नाही, एवढंच एक वाक्य तिला सांगायचं, आणि ते तू नाही, तिच्या मुलानं सांगायचं. "आई, पोरासमोर नको." लांबण नको लावू, समजावणं नको, तुझ्या भावाचं नाव तर अजिबात नको.

आणि पुढच्या खेपेला त्यांना दवाखान्यात बरोबर घेऊन जा. तू लिहिलंयस त्या कधीच आल्या नाहीत, बघवत नाही म्हणतात. तरी घेऊन जा. माझ्या भाच्याच्या पोरीसाठी मी वर्षभर असल्या वॉर्डात बसलेय, तिथे ओळीनं दहा-बारा खाटा असतात, प्रत्येक खाटेवर एक पोर, एका हाताला सलाइनची नळी आणि दुसऱ्या हातात आईचा मोबाइल, त्यात कार्टून. कुणी बुरख्यातली आई, कुणी सिंधी आजी, कुणी पार जतवरून पहाटेच्या एसटीनं आलेलं. सगळ्यांना एकमेकांच्या पोरांचं फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचा आकडा, तोंडपाठ. सासूबाईंना काही सांगू नको, त्या ओळीत एका स्टुलावर बसू दे तीन-चार तास. एवढ्या सगळ्या पोरांनी मागच्या जन्मी काय काय केलं असेल ते त्यांचं त्या मोजतील.

सोबत दोन केळी घे. उपासाला चालतात. त्या घेणार नाहीत, तरी घे.